साधं व्हर्च्युअल मशीन आणि त्याची स्वतःची असेंब्ली: असेंब्लर सगळ्यात शेवटी लिहा

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं नकली यंत्र, बनवायला घेतलेल्यांपैकी बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. पहिल्या दिवशी असेंब्लर (माणसाने असेंब्ली भाषेत लिहिलेल्या सूचनांचे यंत्राला कळणारे बाइट करणारा प्रोग्रॅम) लिहायला बसतात, कारण स्वतःची भाषा बनवण्यात मजा आहे. दुसऱ्या दिवशी ती चालवणारं यंत्र लिहितात. तिसऱ्या दिवशी उत्तर चुकीचं येतं, आणि चूक असेंब्लरमध्ये आहे, यंत्रात आहे की प्रोग्रॅममध्ये, हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. तिन्ही नवीन, तिन्ही न तपासलेले. मीही हेच करून दोन संध्याकाळी वाया घालवल्या आहेत.

खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे: आधी कागद, मग हाताने लिहिलेले बाइट, मग यंत्र, मग बाइट वाचून दाखवणारा डिसअसेंब्लर, आणि शेवटी असेंब्लर. प्रत्येक टप्प्यावर जे नवीन लिहाल ते आधीच तपासलेल्या गोष्टीवर उभं राहतं. म्हणून टप्पे गाळू नका.

## तयारी

अ‍ॅरे, लूप आणि फाइल वाचणं येत असेल अशी कोणतीही भाषा चालेल. पायथॉन, सी, जावास्क्रिप्ट यांतली जी हाताशी असेल ती घ्या. प्रत्येकीचे सापळे वेगळे आहेत, ते जागच्या जागी सांगतो.

फाइल उघडण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. डोक्यात नकोत, कागदावर हवीत.

१. एक संख्या किती बिटांची?
२. मेमरी किती?
३. रजिस्टर (यंत्रातले नाव दिलेले छोटे कप्पे) की स्टॅक (एकावर एक रचलेली, वरूनच काढायची चळत)?
४. प्रत्येक सूचना सारख्याच लांबीची की कमीजास्त?
५. ऋण संख्या आहेत की नाहीत?

पाचवा प्रश्न सगळे विसरतात. त्याचं काय होतं ते पुढे दिसेलच.

## टप्पा १: यंत्राचा आराखडा ठरवा

या लेखातलं यंत्र असं आहे: १६ बिटांच्या संख्या, ६५५३६ बाइट मेमरी, र० ते र७ अशी आठ रजिस्टरं, पुढची सूचना कुठे आहे ते सांगणारा प्रोग्रॅम काउंटर (पुढे त्याला पीसी म्हणू), स्टॅकचं टोक कुठे आहे ते सांगणारा स्टॅक पॉइंटर, आणि 'समान' व 'लहान' असे दोन फ्लॅग (हो-नाही सांगणाऱ्या खुणा). ऋण संख्या नाहीत. सगळं काही ० ते ६५५३५ मध्येच.

रजिस्टर का, स्टॅक का नाही? स्टॅक-यंत्राचा इंटरप्रिटर लिहायला जास्त सोपा असतो हे खरं. जावाचं मशीन आणि सीपायथॉन (पायथॉनचा नेहमीचा इंटरप्रिटर) दोन्ही स्टॅकवरच चालतात. पण त्यांची असेंब्ली माणूस हाताने लिहीत नाही, कंपायलर लिहितो. आपण हाताने लिहिणार आहोत. स्टॅकवर या क्षणी कुठला आकडा कितव्या थरात आहे हे डोक्यात ठेवण्यापेक्षा 'र१ मध्ये मोजणी आहे' हे लक्षात ठेवणं सोपं जातं.

सूचनेची लांबी मात्र न विचारता एकसारखी ठेवा: प्रत्येकी ४ बाइट. एक्स-८६ प्रोसेसरच्या सूचना १ ते १५ बाइटच्या असतात, आणि तिथे एक सूचना चुकीच्या बाइटपासून वाचली की पुढचं सगळं वेगळंच दिसायला लागतं. पहिल्या यंत्रात ती डोकेदुखी विकत घेण्याचं काही कारण नाही. थोडी मेमरी वाया जाईल, जाऊ द्या.

चार बाइटांची मांडणी:

```
[ऑपकोड] [पहिलं रजिस्टर] [खालचा बाइट] [वरचा बाइट]
```

ऑपकोड म्हणजे सूचनेचा क्रमांक. शेवटच्या दोन बाइटांत १६ बिटांची संख्या किंवा पत्ता, खालचा बाइट आधी. म्हणजे ३०० ही संख्या ४४, १ अशी लिहायची, कारण ४४ + १ × २५६ = ३००. सूचनेला दुसरं रजिस्टर लागत असेल तर त्याचा क्रमांक तिसऱ्या बाइटमध्ये, चौथा शून्य. न वापरलेले बाइट कायम शून्यच.

तपासा: कागद बाजूला ठेवून ४०९६ ही संख्या दोन बाइटांत लिहा. उत्तर ०, १६. अडखळलात तर आत्ताच थांबून सराव करा. पुढचा सगळा लेख या एका सवयीवर चालतो.

## टप्पा २: सूचनांचा तक्ता

```
१  थांब
२  भर      रजिस्टर, संख्या
३  नक्कल    रजिस्टर, रजिस्टर
४  आण      रजिस्टर, पत्त्याचं रजिस्टर
५  ठेव      रजिस्टर, पत्त्याचं रजिस्टर
६  बेरीज    रजिस्टर, रजिस्टर
७  वजा      रजिस्टर, रजिस्टर
८  तुलना    रजिस्टर, रजिस्टर
९  जा       पत्ता
१० जासमान   पत्ता
११ जाअसमान  पत्ता
१२ जालहान   पत्ता
१३ ढकल     रजिस्टर
१४ काढ      रजिस्टर
१५ बोलाव    पत्ता
१६ परत
१७ छाप      रजिस्टर
```

सतरा पुरेत. गुणाकार, भागाकार, बिटांची उलथापालथ या सगळ्याचा मोह होईल. आवरा. यंत्र नीट चालायला लागलं की नवी सूचना घालायला दहा मिनिटं लागतात. बिघडलेल्या यंत्रात चाळीस सूचना असतील तर चाळीस ठिकाणी शोधावं लागतं.

या तक्त्यात तीन निर्णय दडले आहेत.

ऑपकोड ० रिकामा आहे आणि तो रिकामाच राहायला हवा. मेमरी सुरुवातीला शून्यांनी भरलेली असते. शून्याचा अर्थ 'काही करू नकोस' असा ठेवला, तर वाट चुकलेलं यंत्र हजारो रिकाम्या पत्त्यांवरून निमूट घसरत जातं आणि भलत्याच ठिकाणी जाऊन आपटतं. शून्य बेकायदा असलं की पहिल्याच पावलाला ओरडतं. रिस्क-फाइव्ह या खऱ्या प्रोसेसरच्या आराखड्यातही सगळे बिट शून्य असलेली सूचना बेकायदाच आहे, ती याच विचाराने.

दुसरं, कोण कुठे जातं याचा एकच नियम ठेवा. इथे `बेरीज र०, र१` म्हणजे र० मध्ये र१ मिळवा, उत्तर र० मध्ये. `आण` आणि `ठेव` या दोघींत पत्ता कायम दुसऱ्या जागी. इंटेल आणि एटी-अँड-टी या असेंब्ली लिहिण्याच्या दोन पद्धतींत हा क्रम बरोबर उलटा असतो, आणि दोन्ही वाचलेली माणसं स्वतःच्या भाषेत नकळत दोन्ही मिसळतात.

तिसरं, फ्लॅग कोण बदलतं? इथे फक्त `तुलना`. बऱ्याच खऱ्या प्रोसेसरांत बेरीज-वजाबाकीही फ्लॅग बदलते, पण मग `तुलना` आणि `जासमान` यांच्यामध्ये एक बेरीज घुसली की तुलनेचा निकाल पुसला जातो.

सावधान: तक्ता एकदा ठरला की त्यातले आकडे बदलायचे नाहीत. वर्णानुक्रमे छान दिसावं म्हणून सूचना मध्येच घुसवली, तर आधी लिहिलेला प्रत्येक बाइट खोटा ठरतो.

## टप्पा ३: पहिला प्रोग्रॅम हाताने बाइटमध्ये लिहा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक टाळतात. आणि इथेच लेखातलं सगळ्यात कामाचं हत्यार मिळतं: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रोग्रॅम.

१ ते १० ची बेरीज करू.

```
पत्ता   सूचना              बाइट
०      भर र०, ०           २  ०  ०  ०
४      भर र१, १०          २  १  १० ०
८      भर र२, १           २  २  १  ०
१२     भर र३, ०           २  ३  ०  ०
१६     बेरीज र०, र१        ६  ०  १  ०
२०     वजा र१, र२         ७  १  २  ०
२४     तुलना र१, र३        ८  १  ३  ०
२८     जाअसमान १६         ११ ०  १६ ०
३२     छाप र०             १७ ०  ०  ०
३६     थांब               १  ०  ०  ०
```

एकूण ४० बाइट. उत्तर ५५. पण उत्तराइतकंच महत्त्वाचं म्हणजे पावलांची संख्या: सुरुवातीच्या ४ सूचना, मग चार सूचनांचा लूप दहा वेळा, शेवटच्या २. एकूण ४६. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढच्या टप्प्यात त्याचा उपयोग आहे.

आणखी एक छोटा प्रोग्रॅम तयार ठेवा:

```
०      बोलाव ८            १५ ०  ८  ०
४      थांब               १  ०  ०  ०
८      परत               १६ ०  ०  ०
```

`बोलाव` म्हणजे परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवून उडी, `परत` म्हणजे तो काढून तिथे परत जाणं. हा तीन पावलांत थांबला पाहिजे, आणि स्टॅक सुरुवातीला होता तिथेच परत आलेला असला पाहिजे.

## टप्पा ४: यंत्राचा लूप

आता कोड. यंत्राचा गाभा एवढाच:

```
पावलं = ०
पुन्हा पुन्हा:
    इथला = पीसी
    इथला ६५५३२ पेक्षा मोठा असेल तर चूक
    ऑप, पहिलं, खालचा, वरचा = मेमरीतले इथला पासूनचे ४ बाइट
    पीसी = इथला + ४
    संख्या = खालचा + वरचा × २५६
    पावलं = पावलं + १
    ऑप प्रमाणे काम करा
```

यात दोन ओळींचा क्रम हलवायचा नाही.

पीसी पुढे ढकलायचा तो काम करण्याच्या आधी. उडी मारणारी सूचना पीसीवर नवा पत्ता लिहिते. तुम्ही शेवटी चार मिळवत असाल, तर प्रत्येक उडी चार बाइट पुढे पडेल. `बोलाव` सुद्धा पुढे ढकललेलाच पीसी स्टॅकवर ठेवते. आधीचा ठेवला तर `परत` त्याच `बोलाव` वर येऊन पोहोचतं, आणि वरचा तीन पावलांचा प्रोग्रॅम कधीच थांबत नाही.

`इथला` वेगळा जपायचा, कारण चूक झाली की कुठल्या सूचनेत झाली ते सांगावं लागतं. तोपर्यंत पीसी पुढे गेलेला असतो. चुकीच्या संदेशात पीसी छापणारी यंत्रं मी बरीच पाहिली आहेत. प्रत्येक संदेश एका सूचनेने पुढचा पत्ता दाखवतो आणि माणूस निष्पाप ओळीकडे टक लावून बसतो.

लूपमध्ये पावलांची मर्यादाही घाला, एक लाख म्हणा. मर्यादा ओलांडली की थांबा आणि तसं सांगा. नाहीतर अनंत लूप आणि संथ यंत्र यांतला फरक कळत नाही.

आता बेरजेचा प्रोग्रॅम चालवा. ५५ आणि ४६ पावलं आली तर पुढे जा. नाही आली तर हे पाहा:

- उत्तर १०, पावलं ३७: उडी चार बाइट पुढे पडते आहे. पहिली बेरीज होते, नंतर दर वेळी ती ओलांडली जाते. पीसी ढकलण्याची ओळ चुकीच्या जागी आहे.
- उत्तर १०, पावलं १०: उडीची अट उलटी लिहिली आहे. पहिल्याच फेरीत लूप सुटला.
- पत्ता ४०९६ वर ऑपकोड ० अशी चूक: खालचा आणि वरचा बाइट उलटे वाचले. १६ ऐवजी १६ × २५६ वर उडी गेली.

पहिल्या दोन चुकांत उत्तर अगदी सारखं येतं, १०. नुसतं उत्तर पाहणारा अंदाज बांधत बसतो. पावलं मोजणाऱ्याला लगेच कळतं.

### बेरीज बरोबर, तरी यंत्र चूक

५५ आलं म्हणून खूश होऊ नका. या प्रोग्रॅममध्ये एकही संख्या २५५ च्या वर जात नाही, त्यामुळे वरचा बाइट वाचायचाच विसरलात तरी तो सुखाने पास होतो.

म्हणून दुसऱ्या सूचनेतले १० काढून ३०० घाला, बाइट `२ १ ४४ १`. उत्तर ४५१५० आणि पावलं १२०६ यायला हवीत. उत्तर -२०३८६ आलं तर तुमचं `छाप` त्याच सोळा बिटांना ऋण संख्या समजून वाचतंय. पाचवा प्रश्न आठवला? दोन्ही वाचनं आपापल्या जागी योग्य आहेत, पण यंत्राने एकच पाळायचं.

मग ४०० घाला, बाइट `२ १ १४४ १`. खरी बेरीज ८०२००, पण ती सोळा बिटांत मावत नाही. उत्तर ८०२०० - ६५५३६ = १४६६४ यायला हवं. पायथॉनमध्ये ८०२०० येण्याची शक्यता जास्त, कारण तिथल्या संख्या हव्या तेवढ्या मोठ्या होतात. प्रत्येक गणितानंतर उत्तरावर `& ६५५३५` हा मास्क लावा, म्हणजे फक्त खालचे सोळा बिट उरतात. हे दहा ठिकाणी लिहू नका, रजिस्टरमध्ये लिहिणारं एकच फंक्शन करा आणि मास्क तिथेच ठेवा.

`तुलना` मात्र मास्क लावलेल्या वजाबाकीवरून करू नका. ५ वजा १० चं मास्क लावलेलं उत्तर ६५५३१ आहे, ते शून्यापेक्षा लहान कधीच नसतं, आणि 'लहान' फ्लॅग आयुष्यात लागत नाही. दोन मूल्यांची सरळ तुलना करा. पुढे कधी ऋण संख्या हव्याच असतील, तर त्यांच्यासाठी उडीची वेगळी सूचना ठेवा. रिस्क-फाइव्हमध्येही या दोन प्रकारच्या तुलनांना दोन वेगळ्या सूचना आहेत.

## टप्पा ५: मेमरी आणि स्टॅकच्या कडा

बहुतेक यंत्रं मधल्या भागात नीट चालतात आणि कडेला पडतात.

`आण` दोन बाइट वाचते. पत्ता ६५५३५ असेल तर दुसरा बाइट मेमरीच्या बाहेर. गुंडाळून शून्यावर जायचं की चूक द्यायची? चूक द्या. पायथॉनवाल्यांनी इथे जास्त जपावं: मास्क विसरून पत्ता -१ झाला, तर पायथॉन तक्रार न करता मेमरीचा शेवटचा बाइट काढून देतं. सीमध्ये तर बाहेरचं वाचलं की काय होईल याची हमीच नाही.

रजिस्टरचा क्रमांकही तपासा. बाइटमध्ये २५५ पर्यंत काहीही येऊ शकतं, रजिस्टरं आठच आहेत.

स्टॅकसाठी मेमरीचा वरचा ४०९६ बाइटांचा पट्टा राखून ठेवा, म्हणजे ६१४४० पासून वर. स्टॅक पॉइंटर ६५५३४ वर सुरू. ढकलताना आधी २ वजा करा, मग लिहा. काढताना आधी वाचा, मग २ मिळवा. हा क्रम दोन्हीकडे आरशासारखा उलटा असायला हवा. दोन्हीकडे 'आधी हलव' लिहिलंत तर ढकललेली वस्तू परत मिळत नाही.

- काढताना स्टॅक पॉइंटर ६५५३४ असेल तर: स्टॅक रिकामा, चूक.
- ढकलताना तो ६१४४० असेल तर: स्टॅक भरला, चूक.

तपासा: पत्ता ० वर `बोलाव ०` एवढाच प्रोग्रॅम चालवा. २०४७ बोलावणी पार पडून पुढच्या वेळी 'स्टॅक भरला' यायला हवं. २०४६ किंवा २०४८ आलं, तर कडेची तुलना एकाने चुकली आहे. नंतर एकट्या `परत` चा प्रोग्रॅम चालवा, पहिल्याच पावलाला 'स्टॅक रिकामा'.

आणखी एक चाचणी इथेच उरका. र० मध्ये ३००, र१ मध्ये १०००, मग `ठेव र०, र१`. मेमरीत १००० वर ४४ आणि १००१ वर १ दिसलं पाहिजे. नुसतं ठेवून परत आणलं तर ही चाचणी होत नाही. ठेवणं आणि आणणं दोन्ही उलटं लिहिलं असेल, तर दोन चुका एकमेकींना झाकतात.

## टप्पा ६: डिसअसेंब्लर

चार बाइट घ्यायचे आणि माणसाला वाचता येईल अशी ओळ छापायची. तीस-चाळीस ओळींचं काम आहे, पण त्याआधी टप्पा २ चा तक्ता कोडमध्ये खराखुरा तक्ता म्हणून आणा: नाव, ऑपकोड, आणि सूचनेचा आकार. आकार पाचच आहेत: काहीच नाही, एक रजिस्टर, दोन रजिस्टरं, रजिस्टर व संख्या, नुसता पत्ता. डिसअसेंब्लर आणि असेंब्लर दोघांनी हाच एक तक्ता वापरायचा. दोघांत वेगळे जोडलेले सतरा-सतरा `जर` लिहिलेत, तर ते महिनाभरात एकमेकांशी जुळेनासे होतात.

डिसअसेंब्लर आला की माग काढण्याची सोय फुकट मिळते. यंत्राच्या लूपमध्ये, काम करण्याआधी, पत्ता, सूचनेची ओळ आणि रजिस्टरं छापा. प्रोग्रॅम का बिघडला हे डोकं खाजवून शोधण्यापेक्षा या मागाच्या वीस ओळी वाचून बहुतेक वेळा सापडतं.

न वापरलेला बाइट शून्य नसेल तर डिसअसेंब्लरने तसं दाखवावं. गपचूप गिळू नये.

## टप्पा ७: असेंब्लर, दोन पासमध्ये

आता कुठे असेंब्लर. लेबलांमुळे (पत्त्यांना दिलेल्या नावांमुळे) दोन पास, म्हणजे स्रोतावरून दोन फेऱ्या, लागतात. `जा शेवट` ही ओळ आली तेव्हा `शेवट:` हे लेबल अजून खाली कुठेतरी आहे, त्याचा पत्ता माहीत नाही.

पहिल्या पासमध्ये एकही बाइट लिहायचा नाही. फक्त पत्ता मोजत जायचं: सूचना असेल तर ४ मिळवा, `शब्द ३००` असा डेटा असेल तर २, लेबल असेल तर त्याच्या नावापुढे आत्ताचा पत्ता नोंदवा. कोऱ्या आणि टिपेच्या ओळींचा पत्त्यावर परिणाम नाही, ओळ क्रमांकावर मात्र आहे. दुसऱ्या पासमध्ये लेबलांच्या जागी पत्ते घालून बाइट काढा.

ओळ फोडण्याचा क्रम:

१. अर्धविरामापासून पुढची टीप काढून टाका.
२. दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढा. काहीच उरलं नाही तर पुढची ओळ.
३. सुरुवातीला विसर्गचिन्हासारखा दिसणारा कोलन असलेला शब्द असेल तर ते लेबल. त्याच ओळीत पुढे सूचना असू शकते, ओळ तिथे सोडून देऊ नका.
४. पहिला शब्द सूचना, उरलेलं स्वल्पविरामावर तोडा.
५. तक्त्यातल्या आकाराशी ताडून पाहा.

सगळ्यात जास्त होणारी चूक: ओळीची लांबी मोजणारा कोड दोन्ही पासमध्ये वेगळा लिहिणं. एकात `शब्द` ला २ आणि दुसऱ्यात ४ धरले गेले की त्याच्या पुढची सगळी लेबलं सरकतात, आणि चूक दिसते ती भलत्याच उडीत. लांबी सांगणारं फंक्शन एकच ठेवा. दुसऱ्या पासच्या शेवटी निघालेले बाइट मोजा. पहिल्या पासच्या शेवटच्या पत्त्याशी ते जुळलेच पाहिजेत.

डेटा कायम प्रोग्रॅमच्या शेवटी, `थांब` च्या खाली. मध्ये ठेवलात तर यंत्र त्यालाही सूचना समजून चालवायला जाईल. त्याला फरक कळत नाही, बाइट सगळे सारखेच.

असेंब्लरने या गोष्टींवर अडून बसावं, ओळ क्रमांकासह: एकच लेबल दोनदा, न सापडलेलं लेबल, ६५५३५ च्या वरची किंवा ऋण संख्या, र८, सूचनेचं नाव असलेलं लेबल, ऑपरंड (सूचनेपुढची रजिस्टरं, संख्या, पत्ते) कमी किंवा जास्त. आणि अनोळखी सूचना आली की जवळचं नाव सुचवा. `बेरिज` लिहिणारे निघणारच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शाळेत सुटल्या असतील, असेंब्लर सोडत नाही.

### देवनागरी स्रोताचे सापळे

सूचना मराठीत ठेवल्या की काही अडचणी फक्त आपल्याच वाट्याला येतात.

पायथॉनमध्ये शब्द ओळखण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमधला 'शब्दातलं अक्षर' हा नेहमीचा वर्ग वापरू नका. त्यात वेलांट्या, मात्रा, काने बसत नाहीत, त्यामुळे `फेरी` चे तुकडे पडतात. ओळ मोकळ्या जागा आणि स्वल्पविरामांवर तोडा, तेवढं पुरतं.

अंकांचं: पायथॉनचं संख्येत रूपांतर करणारं फंक्शन `१०` व्यवस्थित वाचतं. जावास्क्रिप्टचं वाचत नाही, सीमधलंही नाही. तिथे ० ते ९ यांचं रूपांतर स्वतः करा. आणि `र०` मधल्या शून्याजागी संक्षेपाचं चिन्ह टाइप झालेलं असू शकतं. दिसायला दोघं जुळे भाऊ, कोड वेगळा.

सगळ्यात चिवट प्रकार 'ऱ्या' चा. `फेऱ्या` हे लेबल एका कीबोर्डवर ऱ हे अक्षर घालून लिहिलं जातं, दुसऱ्यावर र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही एकच. युनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करणं) ऱ आणि 'र अधिक नुक्ता' यांना एक करतं, पण हे न दिसणारं जोडचिन्ह तसंच ठेवतं. ते काढून टाकावं म्हटलं तर 'ऱ्या' चा 'र्या' होतो. मी सोपा मार्ग धरला आहे: स्रोत वाचल्यावर प्रमाणीकरण करायचं, आणि लेबलात न दिसणारं चिन्ह आढळलं तर स्पष्ट चूक द्यायची. 'लेबल सापडलं नाही' हा संदेश डोळ्यांसमोर तेच लेबल असताना वाचण्यापेक्षा ते परवडतं.

तपासा: टप्पा ३ चा प्रोग्रॅम `फेरी:` लेबल वापरून लिहा आणि असेंबल करा. निघालेले ४० बाइट हाताने लिहिलेल्या ४० बाइटांशी एकेक करून जुळवा. मग ते डिसअसेंबल करा, जे निघेल ते पुन्हा असेंबल करा. बाइट तसेच यायला हवेत.

## टप्पा ८: फाइल

बाइट नुसतेच फाइलमध्ये ओतू नका. पुढे आठ बाइटांचं शीर्षक लावा: चार ठरावीक बाइटांची खूण, दोन बाइट आवृत्ती, दोन बाइट प्रोग्रॅमची लांबी. उघडताना खूण जुळते का, आवृत्ती ओळखीची आहे का, लांबी ६१४४० च्या आत आहे का आणि फाइलमध्ये खरोखर तेवढे बाइट आहेत का, हे पाहा.

शीर्षक मेमरीत जात नाही. ते चुकून गेलं तर `फेरी` १६ ऐवजी २४ वर सरकते, आणि पीसी ० वर सुरू होऊन खुणेचे बाइटच चालवायला लागतो.

## टप्पा ९: अठरावी सूचना

आता गुणाकार घालायला हरकत नाही. क्रम तोच: कागदावर `१८ गुणाकार रजिस्टर, रजिस्टर`, शेवटी, मध्ये नाही. मग चार बाइट हाताने लिहून यंत्रात चालवा. मग तक्त्यात ओळ घाला, डिसअसेंब्लर आणि असेंब्लर तिथूनच शिकतील. फाइलची आवृत्ती एकने वाढवा, म्हणजे जुनं यंत्र नवी फाइल अर्धवट चालवण्याऐवजी दारातच परत पाठवेल.

सीमध्ये लिहिणाऱ्यांसाठी: सोळा बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार नेहमीच्या यंत्रांवर भाषा आधी चिन्हासहित बत्तीस बिटांत करते. ६५५३५ गुणिले ६५५३५ त्यात मावत नाही, आणि त्या ओसंडण्याला भाषेत अर्थच ठरवलेला नाही. आधी चिन्हरहित बत्तीस बिटांत बदला, मग गुणा, मग मास्क.

३०० गुणिले ३०० चं उत्तर २४४६४ यायला हवं. ९०००० आलं, तर नवी सूचना रजिस्टरमध्ये लिहिणारं ते एकमेव फंक्शन टाळून थेट लिहिते आहे.